नाडीपासून प्रतिकारशक्तीपर्यंत : एक घाईची उडी

'दीर्घ श्वसनाने प्रतिकारशक्ती वाढते' हे वाक्य आरोग्यविषयक लेखांत आणि शाळांच्या फलकांवर वारंवार वाचायला मिळते. त्यावर आमचा आक्षेप आहे.

लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासल्या. आधी मोजावे, मग बोलावे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. वरच्या वाक्यात नेमके मोजमापच नाही.

तथ्यांश मात्र आहे. २००० साली केविन ट्रेसी यांच्या गटाने उंदरांना जिवाणूंचे विष टोचून त्यांची व्हेगस चेता विजेने उत्तेजित केली. तेव्हा टीएनएफ हे दाह भडकवणारे प्रथिन कमी तयार झाले. पुढे मार्गही उलगडला : संदेश प्लीहेपर्यंत पोचतो, तेथील काही टी-पेशी अॅसिटिलकोलिन सोडतात आणि ते महाभक्षक पेशींना आवरते.

म्हणजे ही चेता दाहाला लगाम घालते. 'शक्ती वाढवते' असे नव्हे. संधिवातात लगाम हवा, पण जंतुसंसर्गात दाह हा बचावाचाच भाग असतो. २०२५ साली अमेरिकेत ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी मंजूर झालेले उपकरणही चेतेला थेट वीज देते. श्वसनाने तेच घडते, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग वर्गात काय करावे? केदारखेड्याच्या शाळेतही मनगटावर बोटे ठेवून पाहता येईल : श्वास घेताना नाडी किंचित जलद, सोडताना मंद. स्वायत्त चेतासंस्थेचे हे बिनखर्चाचे प्रात्यक्षिक. पण नाडी मोजली म्हणजे दाह मोजला असे होत नाही. हा फरक आम्ही शिकवला नाही, तर मुले उद्या लस टाळून श्वास मोजत बसतील.