गावातला हेर आणि सुप्याच्या वह्या

घरातली थोरली मंडळी उर्दूतून इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' वाचीत आणि आम्ही वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणीत असू. फरीदी-हमीद काय किंवा झुंजार काय, सारे मोटारी, पिस्तुले आणि वेषांतरांच्या जगातले. छोट्या गावात घडणारी, गावातल्याच कुणा सामान्य माणसाने उकललेली रहस्यकथा मराठीत अभावानेच सापडते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुणे जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा खरा. पण फुरसुंगी त्याच्या नावापुरती, पराक्रम गुलमर्गला नाहीतर प्रतापगडावर.

आगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलचे तसे नाही. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली. तेव्हापासून ती कुठेही गेली तरी नव्या माणसात तिला आपल्या गावातला कुणीतरी दिसतो, आणि त्यावरून ती माणूस ओळखते. विणकाम, चहा, शेजारपाजारच्या गप्पा हीच तिची हत्यारे. अशा कथांना 'बिनधोक करमणूक' म्हणून हिणवले जाते. आम्हाला मात्र त्यांतली एक गोष्ट मोलाची वाटते. खून झाला की गाव प्रथम म्हणते, कुणी परका असेल, भटक्या असेल. लेखिका तो संशय थोडा वाढू देते आणि गुन्हेगार बहुधा प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यातूनच बाहेर काढते. पहिला संशय आपल्यावर येण्याची ज्यांना सवय झाली आहे, त्यांना याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

अशी कादंबरी मराठीत कुणाला लिहायची असेल, तर आम्ही बारामती तालुक्यातले सुपे सुचवू. १२ मे १८७५ रोजी या बाजारपेठेच्या गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. मागितले काय, तर वह्या आणि कर्जरोखे. ते जाळले, धान्याची दुकाने लुटली. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. 'कुणी केले?' हा प्रश्न इथे फुसका ठरतो. जमावाने केले, उघडउघड केले. रहस्य आहे ते वहीत. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली, ती कुणब्याच्या भल्यासाठी. सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करून घेतला, आणि कुणब्याने न वाचता अंगठा उठवला. पुढे १८७९ च्या कायद्याने रोखे नोंदणी करणाऱ्यासमोर लिहिण्याची अट आली. गुन्हा कागदातच होता, हे सरकारनेही एका परीने मानले.

पण कादंबरीकाराने इथे थांबू नये. रोख होता तो मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर. ब्राह्मण सावकारांना सहसा धक्का लागला नाही, असे चौकशी आयोगाने नोंदवले आहे. व्याज दोघेही घेत. आग मात्र परक्याच्या दाराशी लागली. मिस मार्पलच्या नजरेतून हे सुटले नसते.

मग सुप्याचा हेर कोण? आमची निवड ठरलेली आहे: बांगड्या घेऊन थेट माजघरापर्यंत जाणारी मणियारीण. कुणाच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या गेल्या, हे तिला सर्वांआधी दिसते. आपल्या ग्रामीण कथेत मुलाणी, आतार, तांबोळी येतात ते बहुधा पार्श्वभूमीपुरते, नाहीतर त्यांच्या बोलीवर हसण्यापुरते. त्यांच्या कानावर सगळे पडते, पण त्यांना कुणी काही विचारीत नाही. रहस्यकथेत शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून उलगडा सांगायची रीत आहे. मणियारणीने वाड्याच्या ओसरीवर उभे राहून तो सांगायचा, आणि पाटलापासून कुलकर्ण्यापर्यंत सर्वांनी ऐकून घ्यायचा, हे प्रकरण लिहिणेच अवघड.