सीसीसी झाली, आता पुढची कोणती?

लखनौच्या आमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी सीसीसीचा निकाल घेऊन आला. श्रेणी 'एस', म्हणजे ८५ टक्के किंवा त्याहून अधिक. प्रश्न नेहमीचाच : "सर, अब अगला कौन-सा करूँ?" नेमका त्या वेळी प्रयोगशाळेतला एक संगणक नेटवर्कवर येत नव्हता. म्हटले, आधी हा बघ. त्याने आयपी पत्ता काढला, तो १६९.२५४ ने सुरू होत होता. डीएचसीपीचे पूर्ण रूप विचारले, ते त्याने एका दमात सांगितले. पण असा पत्ता दिसतो म्हणजे डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेले नाही आणि संगणकाने स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे, हे त्याला सांगता आले नाही. केबल नीट बसली आहे का, स्विचवरचा दिवा लागतो का, हे पाहायचेही सुचले नाही.

दोष त्याचा नव्हता. परीक्षेने जे विचारले ते त्याला येत होते. म्हणून या टिपणात आपण विद्यार्थ्याचे नव्हे, परीक्षेचे परीक्षण करू.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी सीसीसी म्हणजे उत्तर प्रदेशातली एमएस-सीआयटी समजावी. एमकेसीएलची स्थापना २००१ ची. तेव्हा मी मराठवाड्यात शिकत होतो, आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या बाजारपेठेत एमएस-सीआयटीच्या पाट्या कशा वाढल्या ते मला आठवते. सीसीसी ही केंद्र सरकारच्या नायलिट या संस्थेची परीक्षा. या संस्थेचे जुने नाव डोएक. २०११ मध्ये ते बदलले, तरी इकडे वडीलधारी माणसे अजून डोएकच म्हणतात. उत्तर प्रदेशात कनिष्ठ सहायक, लघुलेखक अशा पदांच्या जाहिरातींत सीसीसी मागितली जाते, त्यामुळे अभियांत्रिकीची मुलेसुद्धा घरच्यांच्या आग्रहाने ती देऊन टाकतात. (संगणक विषयाची पदवी असेल तर तीच चालते का, हे जाहिरातीत आधी वाचा. पैसे आणि एक रविवार वाचू शकतो.)

आता परीक्षेची रचना पाहा. अभ्यासक्रम ८० तासांचा. त्यात २५ तास सिद्धांत, ५ तास शंकानिरसन आणि तब्बल ५० तास प्रात्यक्षिक. कागदावर उत्तम. पण परीक्षा? १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. प्रात्यक्षिक नाही. शिवाय कोणत्याही केंद्रात न जाता थेट परीक्षेला बसता येते, म्हणजे ते ५० तास कोणी केले आणि कोणी नाही, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही.

उत्तीर्ण व्हायला ५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. थोडे गणित करा. सगळे प्रश्न चार पर्यायांचे धरले आणि तुम्हाला खरोखर ३४ उत्तरे येत असतील, तर उरलेल्या ६६ वर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी साडेसोळा बरोबर येतात. झाले पन्नास. 'बरोबर की चूक' प्रकारचे प्रश्न आले तर तेवढेही लागत नाही. म्हणजे एक तृतीयांश येणारा आणि निम्मे येणारा, दोघेही उत्तीर्ण. श्रेणी पाहिली तर फरक थोडा दिसतो, पण भरतीच्या अर्जात श्रेणी कोण बघतो?

तरीही मी सीसीसीला टाकाऊ म्हणणार नाही. ज्याच्या घरात संगणक नाही, त्याला ती लिब्रेऑफिस, ईमेल आणि ऑनलाइन पैशांच्या व्यवहारापर्यंत आणून सोडते. नोकरीची अट असेल तर द्यावीच लागते. माझी तक्रार एवढीच, की ती परीक्षा ओळख तपासते आणि आपण तिला कौशल्याचा दाखला समजतो.

मग पुढची कोणती? प्रत्येक परीक्षेची उद्दिष्टांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती उतरवून घ्या आणि प्रत्येक ओळीतले क्रियापद अधोरेखित करा. बाकी सगळे नंतर.

मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० घ्या. तिचे तीनही मुख्य विभाग एकाच क्रियापदाने सुरू होतात : वर्णन करा. क्लाउडच्या संकल्पनांचे वर्णन करा, अझुरच्या रचनेचे वर्णन करा, व्यवस्थापनाचे वर्णन करा. आता सिस्कोची सीसीएनए, क्रमांक २००-३०१. तिथे 'स्पष्ट करा' आहेच, पण जोडीला पुन्हा पुन्हा येते : कॉन्फिगर करा आणि पडताळा. व्हीलॅन कॉन्फिगर करा आणि पडताळा, आयपी पत्ते आणि सबनेटिंग कॉन्फिगर करा आणि पडताळा. कॉम्पटियाच्या ए प्लसमध्ये 'अशी परिस्थिती दिली असता दोष शोधा' ही भाषा आहे. पहिल्या पेपरचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग हार्डवेअर आणि नेटवर्कमधला बिघाड शोधण्यावर आहे. त्यात प्रिंटरसुद्धा येतो, ज्याला आमचे बीटेकवाले हात लावायला लाजतात.

सीसीसी झालेल्याने एझेड-९०० दिली, तर तो एका वर्णनावरून दुसऱ्या वर्णनावर गेला. पायरी चढल्यासारखे वाटते, पण मजला तोच. हे मी आज शहाणपणाने सांगतो आहे. त्या 'एस' श्रेणीवाल्या मुलाला एझेड-९०० सुचवणारा मीच होतो. क्लाउडची चलती आहे, एवढाच माझा विचार. त्याने दिली, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि चौथ्या वर्षी प्रयोगशाळेतला तसाच बिघाड त्याला पुन्हा सापडला नाही. तो सल्ला चुकला होता.

नायलिटचीच 'ओ' लेव्हल इकडे पुढची पायरी म्हणून सांगितली जाते. सीसीसीच्या मानाने ती बरी, कारण तिच्यात वेब डिझाइन आणि पायथन आहे, प्रात्यक्षिक परीक्षा आणि प्रकल्पही आहे. मात्र संगणक शाखेतल्या मुलाला तीच गोष्ट पदवीत शिकायची आहे. बीए, बीकॉमवाल्यांनी तिचा जरूर विचार करावा.

शिडी बनवणारा आणि शिडी विकणारा एकच असतो, हेही लक्षात ठेवा. सिस्कोची प्रवेशपातळीची सीसीईएनटी फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. मायक्रोसॉफ्टची एमसीएसए जानेवारी २०२१ मध्ये आणि एमटीए जून २०२२ मध्ये गेली. ज्यांनी तेव्हा अभ्यास केला त्यांचे सबनेटिंग मात्र वाया गेले नाही. ते आजच्या सीसीएनएतही तसेच्या तसे आहे. सीसीएनएची फी ३०० डॉलर, कर वेगळा, आणि मुदत तीन वर्षे. नापास झालात तर पुन्हा तेवढीच फी. एवढे पैसे मागण्याआधी पॅकेट ट्रेसर उतरवून घ्या, तो फुकट आहे. दोन स्विच आणि तीन व्हीलॅन जोडून दाखवा, मग मुद्दाम एक चूक करून मित्राला शोधायला लावा. हे जमेपर्यंत फी भरू नका.

'हेच प्रश्न येणार' म्हणून पीडीएफ विकणारे प्रत्येक शहरात भेटतात. फुटलेले प्रश्न वापरल्याचे सिद्ध झाले तर कंपन्या प्रमाणपत्र रद्द करतात. ते एक झाले. पण त्या पीडीएफने उत्तीर्ण झालेला मुलगा मुलाखतीत पहिल्या 'का?'ला थांबतो, हे मी जास्त वेळा पाहिले आहे.

तो मुलगा पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नाझा मार्केटमध्ये एका दुरुस्तीच्या दुकानात बसला. ए प्लसच्या उद्दिष्टांची छापील यादी त्याने जवळ ठेवली होती आणि जे काम हातून गेले त्यावर खूण करत होता. रॅम, एसएमपीएस, प्रिंटरचा रोलर, वायफाय. दोन परीक्षांची फी त्याला परवडणारी नव्हती, म्हणून ए प्लस त्याने दिलीच नाही. जुलैत आला तेव्हा यादीतल्या निम्म्याहून अधिक ओळींवर खुणा होत्या, आणि मला म्हणाला, "सर, वो लैब वाला दिखाइए।"