दुकानाच्या पाटीवरील एक वाक्य: लहान व्यवसायाच्या विक्रीलेखनाची समीक्षा



जाहिरातलेखनाच्या पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा मोठ्या कंपन्यांची असतात. तुम्हाला प्रत्यक्षात जे लिहावे लागेल ते वेगळे असेल: काकांच्या दुकानाची पाटी, मावशीच्या लोणच्याच्या बरणीवरचे लेबल, व्हॉट्सॲपवर पाठवायचा चार ओळींचा मजकूर. मोठी कंपनी एकच ओळ वर्षभर लोकांच्या कानांवर घालू शकते. लहान दुकानदाराला ती सोय नाही. शिवाय त्याची ओळ वाचणारा माणूस उद्या त्याच रस्त्यावर त्याला भेटणार असतो. म्हणून हे लेखन किरकोळ समजू नका. या पाठात आपण अशाच एका प्रसिद्ध ओळीची समीक्षा करू आणि तिच्यातून एक कसोटी काढू.

१. ओळ आणि तिचा ध्वनी

"आमची कोठेही शाखा नाही." पुण्यातील पाट्यांमुळे ही ओळ गाजली, पण ती महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. काव्यशास्त्रात आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती शिकतो. त्या केवळ कवितेसाठी नाहीत, हे या ओळीवरून कळते.

अभिधेने पाहिले तर ओळ उणेपणाची आहे. दुकान एकच आहे, वाढलेले नाही, एवढेच ती सांगते. व्यंजनेने मात्र ती बरेच काही सुचवते: आमच्या नावाची नक्कल होते, म्हणजे नावाला किंमत आहे, गल्ल्यावर मालक स्वतः बसतो, माल आमच्या देखरेखीत तयार होतो. "सुप्रसिद्ध", "अस्सल", "दर्जेदार" यांपैकी एकही विशेषण न वापरता हे सारे साधले आहे.

उत्तर भारतातील दुकानांवर "नक्कालों से सावधान" असे लिहिलेले तुम्ही वाचले असेल. दोन्ही ओळींचा हेतू जवळजवळ एकच आहे. हिंदी ओळ ग्राहकाला सावध करते आणि शेजाऱ्यावर संशय घेते. मराठी ओळ फक्त स्वतःविषयी एक वस्तुस्थिती सांगते आणि निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोपवते. स्वतः काढलेला निष्कर्ष माणसाला अधिक पटतो. या ओळीचे बळ तेथे आहे.

२. ओळीच्या मर्यादा

तरीही ही ओळ आदर्श मानू नये, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले, तिचा ध्वनी वस्तुस्थितीवर उभा आहे. ज्या दुकानाच्या नावाची खरोखर नक्कल झाली, त्याने ही पाटी लावली तर ती माहिती ठरते. मागच्या महिन्यात उघडलेल्या दुकानाने लावली तर ती नुसती ऐट ठरते. शब्द तेच, पण मागे आधार नसल्यामुळे व्यंजना उरत नाही. हसू येते, विश्वास बसत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ओळ विक्रेत्याच्या अभिमानाविषयी बोलते, ग्राहकाच्या गरजेविषयी नाही. मिठाई किती दिवस टिकेल, तूप कोणते वापरले, हे तिच्यातून कळत नाही. आधीच नावाजलेल्या दुकानाला हे चालते. नव्या व्यवसायाला चालत नाही.

३. शेजाऱ्याची कसोटी

यावरून एक साधी कसोटी मिळते: तुम्ही लिहिलेले वाक्य शेजारच्या दुकानदाराला एकही शब्द न बदलता लावता येईल का? येत असेल, तर ते वाक्य कोणाचेच नाही.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. "अस्सल कोल्हापुरी चप्पल. उत्तम दर्जा, माफक दर." हा मजकूर प्लास्टिकच्या तळव्याची चप्पल विकणाराही लावू शकतो. आता हा मजकूर वाचा:

"कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले. एकही खिळा नाही, शिवण चामड्याच्या वादीची. पहिले काही दिवस पायाला घट्ट वाटेल. पावसात वापरू नका."

येथे एकही स्तुतिपर विशेषण नाही. पहिली दोन वाक्ये ग्राहक विचारून किंवा चप्पल उलटी करून पडताळू शकतो. शेवटच्या दोन वाक्यांमुळे एखादे गिऱ्हाईक परत जाईलही. पण जो विक्रेता मालाची उणी बाजू आपणहून सांगतो, त्याने सांगितलेली चांगली बाजू खरी वाटते. अर्थात वरचे प्रत्येक वाक्य त्या मालाच्या बाबतीत खरे असले पाहिजे. ते खोटे असेल, तर तपशीलवार खोटे हे विशेषणापेक्षा वाईट.

"कोल्हापुरी" हा शब्दसुद्धा सैल नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे जिल्हे येतात. म्हणून चप्पल कोठे आणि कोणत्या पद्धतीने बनते हे लिहिणे ही सजावट नव्हे, तो दाव्याचा पुरावा आहे.

४. मन वळवणे आणि फसवणे

"५० टक्क्यांपर्यंत सूट" या ओळीत सारा भार "पर्यंत" या शब्दावर असतो, आणि नेमका तोच शब्द बारीक अक्षरांत छापतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. मराठी दाव्याखाली इंग्रजी अटी टाकून सुटता येत नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषध विकण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. घरगुती काढा किंवा चूर्ण विकणाऱ्यांसाठी लिहिताना हे विसरू नका.

परंतु प्रश्न केवळ दंडाचा नाही. मोठ्या कंपनीची एक जाहिरात फसली तर ती दुसरी करते. लहान दुकानाकडे पत एवढेच भांडवल असते, आणि ती एका ओळीने जाऊ शकते. ती ओळ लिहिणारे तुम्ही असाल.

५. निष्कर्ष

विक्रीलेखनाचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारावेत. वाक्य याच व्यवसायाचे आहे का? ते ग्राहकाला पडताळता येते का? ते ग्राहकाच्या उपयोगाचे आहे का? "आमची कोठेही शाखा नाही" ही ओळ पहिल्या दोन प्रश्नांना कधी कधी उतरते, तिसऱ्याला उतरत नाही. तिच्याकडून विशेषणांवाचून बोलणे शिकावे. ग्राहकाशी बोलणे मात्र आपले आपण शिकावे लागेल.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील कोणत्याही भाषेतील एका पाटीचा वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ लिहा.
२. ओळखीच्या एखाद्या लहान व्यवसायासाठी, एकही स्तुतिपर विशेषण न वापरता, चार वाक्यांचा मजकूर तयार करा. त्यातील प्रत्येक वाक्य खरे आहे का, हे मालकाला विचारून तपासा.