भूमी राष्ट्राची झाली, जमीन कोणाची?

राष्ट्राने भूमी मिळवणे आणि त्या भूमीवर राबणाऱ्या माणसाला जमीन मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. आपले प्रस्थापित कलावंत पहिल्या घटनेचा उत्सव करतात आणि दुसरी तिच्यामागून आपोआप येते असे गृहीत धरतात. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) हा चित्रपट या गृहीतकाचा प्रामाणिक आणि म्हणूनच तपासण्याजोगा नमुना आहे. आमचे विद्यार्थी तो अमिताभ बच्चनचा पहिला चित्रपट म्हणून पाहतात. तेवढ्यावर थांबून चालणार नाही.

गोव्याची मारिया मरणाच्या दारात आहे. मुक्तिलढ्यातल्या सहा जुन्या सोबत्यांना ती बोलावणे धाडते. मधल्या काळात हे सोबती आपापल्या भाषेच्या, धर्माच्या, प्रांताच्या कुंपणात परतले आहेत. आठवणींतून त्यांचा सीमेपलीकडचा प्रवास उलगडतो. पोर्तुगीज ठाण्यांवर तिरंगा फडकवणे हे त्या प्रवासाचे ध्येय. अब्बास यांनी पात्रयोजनाही हेतुपूर्वक उलटी केली. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, केरळचे मधू बंगाली झाले. प्रांत हा अंगरखा आहे, तो बदलता येतो, असे त्यांना सुचवायचे होते. कल्पना उमदी आहे. पण जात अशी अंगरख्यासारखी उतरवून ठेवता येते काय? भाषा, धर्म आणि प्रांत या भेदांवर उभी राहिलेली ही कथा जातीला आपला कणा करीत नाही. त्यामुळे तिची एकात्मता वरच्या मजल्यावरची राहते.

पुण्याला हा इतिहास परका नाही. गोवा विमोचन सहायक समिती १९५४ साली इथेच स्थापन झाली. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही पडले. त्या रक्ताचे मोल कोणीही कमी करू नये. आमचा प्रश्न त्या रक्तातून काय उगवले, हा आहे.

हे सातजण ज्या मातीतून चालतात ती कोणाची होती? गावची सामाईक जमीन गावकऱ्यांच्या म्हणजे मूळ मानल्या गेलेल्या कुळांच्या पुरुष वारसांच्या हाती. बाकीची मोठी मालमत्ता भाटकारांची. त्या भाटात झोपडी बांधून राहणारा मुंडकार मालकाच्या मर्जीवर जगणारा. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांची ४५१ वर्षांची सत्ता संपली, तरी मुंडकाराच्या पायाखालची जमीन भाटकाराचीच राहिली. कूळ कायदा १९६४ साली झाला, मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली आला आणि कुळाला जमिनीचा मालक मानणारी दुरुस्ती १९७६ साली झाली. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळायला २००३ साल उजाडले. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा मुंडकाराची मुक्ती अजून कागदावरही उतरली नव्हती. हा मुंडकार कथेचा नायक होत नाही. त्याची भूमी मात्र कथेचे निमित्त होते.

याच दशकात दुसरी एक यात्रा निघाली होती. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली एक प्रमुख मागणी. लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. तेही हिंदुस्तानी होते, तेही प्रांतोप्रांतींचे होते. त्यांची यात्रा आपल्यापैकी किती जणांनी पडद्यावर पाहिली आहे?

अब्बास पुरोगामी होते, दंग्यांनी आणि भाषिक द्वेषाने व्यथित झालेले होते. म्हणूनच त्यांच्याकडून अधिक मागायचा आपल्याला हक्क आहे. ठाण्यावर ध्वज चढला की त्यांची कथा कृतार्थ होते. भूमिहीनाची कथा तिथून सुरू होते. ती लिहायला आणि पडद्यावर आणायला आता आपल्याच मुलामुलींनी बसले पाहिजे.