ऑक्टापॅडवरून ऐकलेला डेफ लेपर्ड

मोहर्लीत संध्याकाळची शेवटची जिप्सी गेटबाहेर आली की गाव लवकर निजतं. बाबा जिप्सी चालवतात, त्यांना पहाटे उठायचं असतं. त्यामुळे रात्री घरात ढोलक वाजवायची सोय नाही. म्हणून मी ऑक्टापॅड घेतला. आठ रबरी चौकोन आणि कानात हेडफोन. बाहेर ऐकू येते ती फक्त काड्यांची टकटक. गेल्या पावसाळ्यात, कोअरची सफारी बंद असताना, याच्यावर मी डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया' (१९८७) पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सोबत वाजवला. आणि पहिल्याच रात्री कंटाळलो.

वाजवायला काही नव्हतंच! मेलडिक हार्ड रॉक म्हणजे गिटार जाड, पण वरची चाल गुणगुणता येईल अशी, कोरसला तीन-चार गळे एकत्र, मागे बऱ्याचदा कीबोर्ड. जर्नी, टोटो, युरोप, बॉन जोव्ही ही यातली नावं. यातला ड्रमर बहुतेक वेळ एकच काम करतो. आपल्या केरव्यासारख्या आठ मात्रा मोजल्या तर पहिली आणि पाचवी पायानं बेस ड्रमवर, तिसरी आणि सातवी स्नेअरवर. बस. मेटल ऐकणारे माझे मित्र याला 'मेट्रोनोमची नोकरी' म्हणतात. मीही म्हणायचो.

डेफ लेपर्डबद्दल तर लोकांकडे याचं कारणही तयार असतं. ३१ डिसेंबर १९८४ ला त्यांचा ड्रमर रिक ॲलन मोटार अपघातात सापडला आणि त्याचा डावा हात गेला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्यानं डाव्या हाताची कामं पायाकडे दिली. पायाखाली इलेक्ट्रॉनिक पेडल, त्यातून ढोलाचा आवाज. ऑगस्ट १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या मैदानावर तो तसा वाजवायला बसला. आता एका हातानं वाजवणारा माणूस साधंच वाजवणार, असं म्हणून लोक मोकळे होतात. हे म्हणण्यात दया आहे, पण कान नाही. अपघाताच्या आधीचा 'पायरोमेनिया' (१९८३) लावून बघा. दोन्ही हात शाबूत आहेत आणि ठेका तितकाच मोकळा आहे. साधेपणा आधी ठरला होता, अपघात नंतर झाला.

मग तो ठरवला कशासाठी? याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालं नाही, सिंदेवाहीकडच्या एका मंडपात मिळालं. दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात, आणि त्यात गाणी भरपूर असतात. मी एका कंपनीबरोबर ऑक्टापॅडवर बसलो होतो. एका लावणीत मी जमेल तिथे उचल घेतली, तोडे टाकले, झांजेचा आवाज फोडला. शेजारी ढोलकवर बसलेले काका अंक संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबू, काहून एवढा वाजवतं गा? तिले सास तं घेऊ दे."

मी आधी रागावलो. नंतर त्यांच्याकडे बघत बसलो. ती ओळ म्हणत असताना त्यांचा डावा हात नुसता घुमत राहायचा. ओळ संपली, तिनं श्वास घेतला, की तेवढ्या फटीत ते एक छोटा तुकडा टाकायचे आणि पुढच्या शब्दाआधी बाहेर पडायचे. गाणारीला वळून बघावं लागत नव्हतं.

तेच कान घेऊन 'हिस्टेरिया'तलं 'लव्ह बाइट्स' पुन्हा ऐकलं. जो एलियट गात असतो तेव्हा ड्रम्स जवळजवळ जागचे हलत नाहीत. भरणा होतो तो ओळींच्या मधे. कोरसला एवढे गळे एकावर एक चढवलेले असतात की ड्रमरनं तिथे हात मोकळा सोडला तर शब्दच बुडतील.

पण मी वकिली करत नाही. 'हिस्टेरिया'चा एक दोष मला अजून सलतो. त्यातले ड्रम्सचे आवाज फेअरलाइट नावाच्या संगणकातून काढलेले आहेत आणि निर्माता मट लँगनं ते घासूनपुसून इतके सारखे केलेत की प्रत्येक तिसरी मात्रा आधीच्या तिसरीची झेरॉक्स वाटते. दोन ठोक्यांच्या मधे कुणी बसलेलं जाणवत नाही. काकांच्या ढोलकात तिथे घुमारा असतो.

ती मधली जागा कशी भरतात ते ऐकायचं असेल तर टोटोचं 'रोझॅना' (१९८२) लावा, आणि स्वस्तातले का होईना, हेडफोन घाला. जेफ पोर्कारोचा ठळक ठोका गाण्याला हवा तेवढाच आहे, पण त्याच्या आसपास स्नेअरवर इतके हलके, दबलेले ठोके आहेत की मोबाइलच्या स्पीकरवर ते पार गायब होतात. मी ते ऑक्टापॅडवर वाजवायला बघितले. रबराला कुजबुजता येत नाही. आठ दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला.

जर्नीचा स्टीव्ह स्मिथ तिसऱ्याच वाटेनं जातो. 'डोन्ट स्टॉप बिलिव्हिन' (१९८१) मध्ये शीर्षकाचे शब्द तीन मिनिटं उलटल्यावर येतात. तोवर गाणं धरून ठेवायचं ओझं बरंचसं ड्रम्सवर आहे. ते एकदम येत नाहीत, हळूहळू भरत जातात. तो हाय-हॅट डाव्या हातानं वाजवतो, म्हणजे उजवा हात टॉम आणि सिम्बलवर फिरायला मोकळा. हा माणूस मुळात जॅझवाला. पुढे तो कोन्नाकोल, म्हणजे दक्षिणेतली तोंडानं बोल म्हणायची विद्या, शिकला आणि 'समिट' या गटात आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवत होता. ज्याला मेट्रोनोम म्हणून हसतो, त्याच्याकडे एवढा साठा होता. जर्नीच्या गाण्यात त्यातला किती बाहेर काढायचा, हे तो गाण्याला विचारून ठरवत होता.

मुंबईच्याच रॉक मशीनचं, १९९३ पासून इंडस क्रीडचं, उदाहरण याच्या उलटं वाटतं. २०१२ च्या 'इव्हॉल्व्ह'मध्ये जय रो कवीचं ड्रमिंग जास्त गुंतलेलं, जास्त हुशार आहे. मी त्याला दाद देतो. पण गाणं संपल्यावर माझ्या तोंडात चाल राहत नाही, ड्रम्स राहतात. कुणाला हेच हवं असेल.

या मोसमात पुन्हा बोलावणं आलं तेव्हा मी ऑक्टापॅडच्या आठांपैकी तीन चौकोन बंद करून गेलो. दुसऱ्या अंकात गाणारीनं एक ओळ नेहमीपेक्षा लांबवली. माझ्या काड्या हवेतच थांबल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ढोलकवर फक्त एक थाप टाकली आणि तिच्यासाठी थांबले.