मुक्त आज्ञावली, समूहसत्ता आणि घरातील वेळ : शहापूर–मुरबाड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा परिचय करून देताना सामान्यतः दोन गोष्टींवर भर दिला जातो. ते विनामूल्य मिळते आणि ते स्वभाषेत आणता येते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांतून एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो. ज्या समूहांत हे सॉफ्टवेअर घडते, तेथे निर्णय कोण घेतो आणि निर्णय घेण्याइतका वेळ कोणाजवळ असतो? सत्तेचा हा प्रश्न परवान्याच्या कलमांत जितका दडलेला आहे, तितकाच तो घराच्या उंबरठ्याआड दडलेला आहे. प्रस्तुत लेखात मुक्त आज्ञावलीच्या विचारातील काही प्रमुख भूमिका ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील गृहजीवनाच्या संदर्भात तपासल्या आहेत.

दोन भूमिका

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये त्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आज्ञावली चालविणे, तिचा अभ्यास करून ती बदलणे, तिच्या प्रती वाटणे आणि सुधारलेली आवृत्ती इतरांना देणे ही चार स्वातंत्र्ये या विचाराच्या मुळाशी आहेत. येथे सॉफ्टवेअर हा नीतीचा प्रश्न होय. याउलट एरिक रेमंड यांनी १९९७ मधील ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात तो कार्यपद्धतीचा प्रश्न मानला. मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड उभारलेल्या मंदिरापेक्षा गजबजलेल्या बाजाराची रीत अधिक चांगली आज्ञावली निर्माण करते, हे त्यांचे प्रतिपादन होते. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा रूढ झाली, ती या दुसऱ्या भूमिकेच्या सोयीची ठरली.

या दोन भूमिकांतील वाद बहुचर्चित आहे. परंतु दोहोंना समान असलेले एक गृहीतक फारसे तपासले गेलेले नाही. मूळ संहिता हाती आली की माणूस ती वाचील, बदलील व समूहात आपले म्हणणे मांडील, असे दोन्ही विचार धरून चालतात. त्यासाठी लागणारा सलग, निर्वेध वेळ कोठून येतो, याचा हिशेब दोहोंत नाही.

गरज कोणाची?

चांगली आज्ञावली घडविणाऱ्याच्या स्वतःच्या गरजेतून जन्मते, असे रेमंड मानतात. मराठीच्या संगणकीय वाटचालीत या विधानाची सत्यता पटते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द घ्यावेत. पहिल्यात विद्वान आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. युनिकोडमध्ये हा भेद ‘ऱ’ या अक्षराच्या आधाराने राखावा लागतो. फॉन्ट आणि कळफलक यांनी त्याची दखल घेतली नाही, तर आचारी पुसला जातो आणि सर्वत्र आचार्यच उरतो. ही उणीव मराठी वाचणाऱ्यालाच खुपते. इंडलिनक्ससारख्या उपक्रमांतून आणि २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आलेल्या लोहित फॉन्टसारख्या साधनांमधून भारतीय लिप्यांना जे स्थान मिळाले, त्यामागे अशा खुपण्याचाच मोठा वाटा आहे.

तथापि, याच विधानाची दुसरी बाजूही आहे. ज्याची गरज त्याने भागवावी, हा नियम मानला तर ज्याला आज्ञावली लिहिता येत नाही त्याची गरज कधीच नोंदली जात नाही. मराठीकरणाच्या कामात ‘फाइल’ ठेवावे की ‘संचिका’ म्हणावे, यावर वाद झडतात. तो शब्द ज्या घरात वापरला जाणार तेथील बाई मात्र त्या चर्चेत नसते. तिला कोणी मज्जाव केलेला नसतो. दार उघडेच असते, परंतु दारापर्यंत येण्याची सवड तिला नसते.

घरातला फोन

मुक्त सॉफ्टवेअर हा शहरी अभ्यासकांचा विषय आहे, हा समजही तपासून घ्यावा लागतो. अँड्रॉइडवर चालणारा प्रत्येक फोन लिनक्सच्या गाभ्यावर उभा आहे. त्या अर्थाने शहापूरच्या पाड्यावरील अनेक घरांत मुक्त संहिता केव्हाच पोहोचली आहे. पण तिच्यासोबत यायला हवे होते ते अधिकार पोहोचले का?

या प्रश्नाचे उत्तर समूहाच्या राजकारणात आहे. ग्नू परवान्याची तिसरी आवृत्ती जून २००७ मध्ये आली. यंत्र विकणाऱ्याने कुलूप घालून ग्राहकाला सुधारित आज्ञावली चालविण्यापासून रोखू नये, अशी तरतूद तीत घरगुती वापराच्या यंत्रांसाठी करण्यात आली. लिनस टॉरवाल्ड्स यांना ही अट मान्य नव्हती आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीखालीच राहिला. टॉरवाल्ड्स यांच्या बाजूनेही तर्क होता : संहितेच्या मोबदल्यात संहिता परत मिळावी, यंत्राचे काय करायचे ते यंत्र घडविणाऱ्याने ठरवावे. मात्र घराच्या बाजूने पाहता परिणाम असा झाला की, संहिता जगाला खुली राहिली आणि यंत्र घरात बंद राहिले. कंपनीने अद्ययावत करणे थांबविलेला फोन कुटुंबाने टाकून द्यावा की जुन्याच आज्ञावलीवर चालवावा, एवढाच पर्याय बहुतेकांपुढे उरतो. मोजक्या जाणकारांतील मतभेदाची किंमत त्या मतभेदाचे नावही न ऐकलेल्या घरांनी मोजावी, हे या राजकारणाचे खरे स्वरूप होय.

एक जवळचे उदाहरण

मुरबाडच्या दक्षिणेस असलेल्या रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावात २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग झाला. निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या या प्रकल्पाने पाच तत्त्वे स्वीकारली होती. संगणक मुलाच्या मालकीचा असावा व त्याने तो घरी न्यावा, हे त्यांपैकी एक. आज्ञावली मुक्त असावी, हे दुसरे. या संगणकावरील ‘शुगर’ हे आवरण त्याच विचारातून घडले होते.

पुढील वर्षीच प्रकल्पात फूट पडली. एप्रिल २००८ मध्ये वॉल्टर बेंडर बाहेर पडले. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली या संगणकावर उपलब्ध करून देण्याचे जाहीर झाले आणि त्याच महिन्यात बेंडर यांनी ‘शुगर लॅब्ज’ची स्थापना केली. मुक्ततेच्या तत्त्वाला चिकटून राहावे की शासनांना हवे ते देऊन अधिक मुलांपर्यंत पोहोचावे, हा वादाचा गाभा होता. दोन्ही पक्ष मुलाच्या हिताचा हवाला देत होते. मात्र ज्या शाळांत यंत्रे दिली गेली, त्या शाळा या वादात पक्षकार नव्हत्या. मुलाने संगणक घरी न्यावा म्हणताना त्या घरात तो कोठे ठेवला जाईल, केव्हा चार्ज होईल, धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीला तो किती वेळ उघडता येईल, हे प्रश्न तत्त्वांच्या यादीबाहेर राहिले.

वेळेचे राजकारण

मुक्त समूहांत जो काम करतो त्याचा शब्द चालतो, हा नियम न्याय्य वाटतो. जो फ्रीमन या स्त्रीवादी अभ्यासिकेने १९७० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की, औपचारिक रचना नाकारणाऱ्या समूहांत सत्ता नाहीशी होत नाही, ती केवळ अदृश्य होते. मुक्त स्रोत समूहांत ही अदृश्य सत्ता मोकळ्या संध्याकाळींच्या रूपाने वावरते. गिटहबच्या २०१७ च्या सर्वेक्षणात ९५ टक्के उत्तरदाते पुरुष होते, तर स्त्रिया ३ टक्के होत्या. या आकड्यांशेजारी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे २०१९ चे वेळ-वापर सर्वेक्षण ठेवून पाहावे. ग्रामीण भारतात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८२.१ टक्के असून त्यांचे दिवसाकाठी सरासरी ३०१ मिनिटे त्यात जातात. पुरुषांत हे प्रमाण २७.७ टक्के व ९८ मिनिटे आहे. एका सर्वेक्षणातील अनुपस्थितीचा निदान काही उलगडा दुसऱ्यातील उपस्थितीत होतो.

शहापूर तालुक्यात याला पाण्याची जोड आहे. मुंबईची तहान भागविणारे भातसा व तानसा हे जलाशय याच तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. हंडा भरण्यात गेलेला तास कोणत्याही योगदानाच्या नोंदीत दिसत नाही; शहरातील संगणकापुढे बसलेल्याचा वाचलेला तास मात्र त्याच्या नावावर जमा होतो.

बाजाराच्या रूपकापेक्षा या भूमीला जवळची रूपके इर्जिक आणि सावड ही आहेत. इर्जिकीत शेजारी औतासह येतात, मजुरी न घेता एका दिवसात काम उरकतात आणि यजमान त्यांना जेवू घालतो. औते किती आली हे गावाच्या ध्यानात राहते. पंगतीसाठी पहाटेपासून चुलीपुढे कोण होते, हे राहत नाही. मुक्त स्रोत समूह बव्हंशी इर्जिकीसारखा आहे. तेथे संहितेची ओळ नोंदली जाते. शिकविणे, भाषांतर, चाचणी, नवख्याची विचारपूस यांची नोंद क्षीण राहते. आणि योगदात्याला मोकळा ठेवणाऱ्या घराची तर मुळीच नाही. सावडीचा हिशेब निराळा असतो. भातलावणीच्या दिवसांत बाई शेजारणीच्या शेतात जितके दिवस वाकते, तितके दिवस शेजारीण तिच्या शेतात येते. तेथे दिवसाला दिवस फेडला जातो, कारण वेळ हेच तेथील चलन आहे. सावडीचे गौरवीकरण मात्र करता येणार नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला, ज्याचे स्वतःचे शेतच नाही, तिच्यात स्थान मिळत नाही.

वेळेपासून आरंभ

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली ‘आजीबाईंची शाळा’ या दृष्टीने उद्बोधक आहे. जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ती सुरू केली. साठी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी असलेल्या या शाळेची वेळ दुपारी दोन ते चार अशी ठेवण्यात आली. घरचे व शेतातले काम आटोपल्यावरची ही वेळ होय. गुलाबी लुगड्यांचे कौतुक वृत्तपत्रांनी पुष्कळ केले. परंतु या शाळेचा खरा विचार तिच्या वेळापत्रकात आहे. तेथे विद्यार्थिनीला संस्थेच्या वेळेशी जुळवून घ्यावे लागले नाही, संस्थेने तिच्या दिवसाशी जुळवून घेतले. येथे संगणक नाही, मूळ संहिता नाही. तरीही प्रवेश मुक्त असणे आणि प्रवेश शक्य असणे यांतील अंतर या शाळेने जितके ओळखले, तितके अनेक मुक्त प्रकल्पांनी ओळखलेले नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, परवाना स्वातंत्र्य बहाल करतो, पण ते वापरण्याचे सामर्थ्य घरातील श्रमविभागणीतून येते. म्हणून मुक्त आज्ञावलीचे मूल्यमापन करताना संहिता कोणाला उघडी आहे या प्रश्नासोबत तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. निर्णय कोणत्या वेळी होतात? कोणते श्रम नोंदले जातात? आणि समूहातील वादाची किंमत कोण मोजतो?

यामुळे मुक्त सॉफ्टवेअरचे नैतिक महत्त्व उणावत नाही. बंद आज्ञावलीत हे प्रश्न विचारण्यालाही जागा नसते. येथे ती निदान आहे. ग्रामीण महाविद्यालयांना तिचा उपयोग करता येईल. संगणक कक्षात मुक्त प्रणाली बसविणे ही पहिली पायरी झाली. तो कक्ष पाड्यावर परतणाऱ्या विद्यार्थिनीच्या संध्याकाळच्या एसटीपूर्वी तिला मोकळा मिळतो का, आणि तिने सुचविलेला मराठी शब्द तिच्या नावासह स्वीकारला जातो का, ही त्यापुढची कसोटी होय. या कसोटीवर न उतरणारी मुक्तता आचार्यांपुरतीच राहील. आचाऱ्यांपर्यंत ती पोहोचणार नाही.