महिन्यापूर्वी, महिन्यांपूर्वी

फोनवर जुना निरोप उघडला की खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, '1 महिन्यापूर्वी'. आणखी चार महिने जाऊ द्या, तिथेच दिसेल '5 महिन्यांपूर्वी'. फरक आकड्याचा आणि एका टिंबाचा. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-भांडारात मराठीची ही दोन रूपं जोडीनं नोंदलेली आहेत. महिना, महिने हा ढळढळीत भेद 'पूर्वी' लागताच सामान्यरूपात विरघळतो आणि अनेकपणाचा सगळा भार अनुस्वारावर येतो. बोलताना आपण तो निम्म्या वेळा गिळतो. स्क्रीनवर नसला की मात्र डोळ्याला खुपतो.

यंत्राला हे टिंब कधी द्यायचं ते कसं कळतं? सॉफ्टवेअरच्या भाषांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गेटटेक्स्टच्या पद्धतीत भाषांतराच्या फाइलीच्या माथ्यावर एक सूत्र असतं. मराठीचं सूत्र अगदी आखूड: रूपं दोन, संख्या एक नसेल तर दुसरं घ्या. अरबीला सहा रूपं लागतात, जपानीचं एकावर भागतं. (प्रत्येक रूपाला फाइलीत एक खण, आणि खण शून्यापासून मोजतात, म्हणून एकवचन 0 क्रमांकाच्या खणात आणि अनेकवचन 1 क्रमांकाच्या! पहिल्यांदा भाषांतर करणारा इथे हमखास गोंधळतो.)

गोंदियात बसून हे सूत्र वाचण्यात वेगळी मजा आहे. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. राईस मिलच्या काउंटरवर एका वाक्यात मराठी सुरू होते आणि हिंदीत संपते. धान मोजायचं ते कट्ट्यांत. एक कट्टा, पाच कट्टे, इथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. शून्यावर फाटा फुटतो. सीएलडीआरनुसार हिंदी शून्याला एकाच्या पंगतीत बसवते, मराठी अनेकांच्या. म्हणजे स्क्रीनवर हिंदीत '0 कट्टा', मराठीत '0 कट्टे'. मराठीचा नियम मला पटतो, पण पुरता नाही. गोदाम रिकामं असेल तर हमाल 'शून्य कट्टे' कशाला म्हणेल? तो म्हणतो, 'एकही कट्टा नाही.' शून्य आलं की आपण नकाराकडे वळतो आणि नकाराबरोबर एकवचन परत येतं. दोन खणांत हे मावत नाही. त्याला वेगळं वाक्यच द्यावं लागतं.

नियमाची खरी फजिती अपूर्णांकात. सीएलडीआरनुसार 1.5 म्हणजे एक नव्हे, म्हणून यंत्र लिहिणार '1.5 महिन्यांपूर्वी'. आपण म्हणतो 'दीड महिन्यापूर्वी', टिंबाशिवाय. सव्वा महिना, दीड महिना. पावणेदोनला मात्र महिने. दीड कट्टा, अडीच कट्टे. मराठी कान एकाची हद्द दीडपर्यंत ताणतो. हे मला शाळेत कुणी शिकवल्याचं आठवत नाही, आणि बोलताना कुणी चुकल्याचंही ऐकलेलं नाही.

तुमच्याकडे मराठी भाषांतराची एखादी फाइल तपासायला आली, तर 1 आणि 5 घालून थांबू नका. 0 आणि 1.5 घाला, आणि वाक्य मोठ्यानं वाचा.